बिनखुणेचं कासव

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची घरटी राखणारी माणसे गोंदियाला कशाला चालली आहेत, असा प्रश्न निघण्यापूर्वी मला अनेकांनी विचारला. गोंदिया राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे समुद्र नाही. पण तळी आहेत, आणि तळ्यांत कासवे आहेत. मागच्या उन्हाळ्यात त्या तळ्यांवर मासेमारी करणारे काही स्त्री-पुरुष आमच्या किनाऱ्यावर येऊन गेले होते. वाळूतून बाहेर पडणारी पिल्ले त्यांनी पाहिली, घरट्यांभोवतीची कुंपणे पाहिली आणि जाताना परतभेटीचे निमंत्रण देऊन गेले. दिवाळीनंतर, किनाऱ्यावर अंड्यांचा हंगाम सुरू होण्याआधी, दिनकर तांडेल त्या भेटीला निघाले. ते मासेमार आहेत आणि किनाऱ्यावरच्या आठ-दहा गावांतल्या राखणदारांना एकमेकांशी जोडून ठेवण्याचे काम बरीच वर्षे करतात. मी किनाऱ्यावरच्या बातम्या लिहितो; मी त्यांच्याबरोबर गेलो.

गावांची नावे या लेखात नाहीत. कासवांचा चोरटा व्यापार चालतो आणि पत्ता छापणे म्हणजे वाट दाखवणे. वरचे गाव आणि खालचे गाव एवढे पुरेसे आहे. माणसांची नावेही बदलली आहेत.

गोंदिया ते वरचे गाव

रेल्वेचा प्रवास वगळतो. स्थानकाबाहेर रिक्षावाला हिंदीत बोलत होता, आम्ही मराठीत उत्तरे देत होतो, आणि कोणालाच त्यात अडचण वाटत नव्हती. तांडेलांच्या सदऱ्यावर कासवाचे चित्र होते. ते पाहून त्याने विचारले, "ये कछुआ किसी पार्टी का नया निशान है क्या?"

"पार्टी नाय बाबा, आम्ही पाहुणे," तांडेल म्हणाले.

"अच्छा. हमारी नानी के कुएँ में था एक. पानी साफ रखता था."

हे वाक्य तेव्हा मी ऐकून सोडून दिले. दुसऱ्या दिवशी त्याचा अर्थ लागला.

सडक अर्जुनीला महामार्गावर ट्रकांच्या रांगेशेजारी चहा घेतला आणि झाडीपट्टीतल्या आतल्या रस्त्याला लागलो. धानाची कापणी संपत आली होती. बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, भारे पडले होते, काही ठिकाणी त्यांचे पुंजणे, म्हणजे गंजी, रचून झाले होते. तांडेल खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "भात बघून वाटत नाय परमुलखात आलो. नारळ तेवढा नाय." हे खरे होते. राज्याच्या दोन टोकांना भात आणि मासा खाणारी माणसे राहतात आणि मधला मुलूख ज्वारी-बाजरीचा आहे.

वरच्या गावात सुनंदा वलथरे आमची वाट पाहत होत्या. त्या ढिवर समाजाच्या. नवरा आणि त्या गावच्या तलावात मासे धरतात, शिंगाड्याचे पीक काढतात. किनाऱ्यावर आलेल्या मंडळींत त्या होत्या. अंगणात शिंगाडे उकडत होते. सालीवर दात ठेवून ते कसे फोडायचे, हे त्यांनी तांडेलांना शिकवले. तांडेलांच्या ओठाला काटा लागला.

"अगा, खेकडा फोडता ना तुमी? हे तं त्याहून नरम हाय," सुनंदाताई म्हणाल्या.

जेवणात मरळ माशाचा रस्सा होता. खोबरे नाही, कोकम नाही; चिंच, लसूण आणि जवसाची चव. तांडेलांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला, पण मत दिले नाही.

जेवणानंतर सुनंदाताई आम्हाला पाळीवर घेऊन गेल्या. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. या भागातले हे तलाव जुने, मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातले. एकाच्या सांडव्यातून वाहणारे पाणी खालच्या तलावात जाते, त्याचे त्याच्या खालच्यात, आणि मधल्या बोड्या, म्हणजे लहान शेततळी, त्यातच भरतात. पावसाळ्यात मासे या वाटेने उतरतात. कासवेही उतरतात.

"म्हणून एका गावानं ठरवून काई होत नाही," सुनंदाताईंनी सांगितले. "आम्ही सोडलं, खालच्यानं धरलं. मंग आम्ही काय फक्त त्याईच्या भाजीची राखण करून राहिलो?"

तांडेलांनी मान हलवली. किनाऱ्यावरची गोष्ट हीच आहे. एका गावाच्या वाळूत अंडी, दुसऱ्या गावाच्या जाळ्यात आई. जाळे कापून कासव सोडायला मच्छीमार तयार होईपर्यंत घरट्यांच्या राखणीला अर्धाच अर्थ होता.

इथल्या साखळीतल्या गावांनी एकेक करून कासव न धरण्याचे ठरवले होते. कायद्याने ते आधीपासूनच बंद आहे; पण कायदा आणि ठराव यांत फरक आहे, हे दोन्हीकडच्या लोकांना माहीत होते. फक्त सर्वांत खालच्या गावाने अजून शब्द दिला नव्हता.

विहीर

दुसऱ्या दिवशी सुनंदाताईंनी त्यांची चूक सांगितली. सांगताना त्या स्वतःच हसत होत्या.

किनाऱ्यावरून परत आल्यावर त्यांनी गावोगाव सभा घेतल्या. कासव दिसले तर मारू नका, वाचवा, असे सांगितले. लोकांनी ते मनावर घेतले. शेतात, रस्त्यावर, बोडीत जे कासव दिसले ते उचलले, त्याला हळदकुंकू लावले आणि विहिरीत सोडले. विहिरीत कासव ठेवण्याची रीत इथे जुनी आहे. ते किडे, घाण, मेलेला बेडूक खाते, म्हणून पाणी स्वच्छ राहते अशी समजूत. लोकांच्या दृष्टीने याहून सुरक्षित जागा नव्हती.

"मी सांगलं वाचवा. त्याईनं वाचवलं," सुनंदाताई म्हणाल्या. "पण विहिरीतून थे वर कसं येन? ऊन कुठं घेईन? अंडं कुठं पुरन? आता पाहा, घरोघरी जाऊन म्हणून राहिली, माय, लय वाचवलं, आता सोडा."

बऱ्याच विहिरी त्यांनी अशा मोकळ्या करून घेतल्या होत्या. एक राहिली होती. ती गयाबाई रामटेके यांची.

गयाबाईंचे घर गावाच्या कडेला, बुद्धविहाराच्या मागे आहे. वय सत्तरीच्या पुढे, आवाज खणखणीत. घराच्या बाजूला विटा आणि गिट्टीचा ढीग होता. मुलगा धनराज गवंडीकाम करतो आणि घराला एक खोली वाढवतो आहे. मोकळी जागा एवढीच होती, विहिरीची. नळ आल्यापासून विहिरीचे पाणी पिण्याला लागत नव्हते. विहिरीवर स्लॅब पडायचा होता, म्हणजे कासव त्याआधी निघायला हवे होते. धनराज ते केव्हापासून काढायला तयार होता. गयाबाई नव्हत्या.

"ही विहीर माझ्या सासऱ्यानं खोदली," त्या म्हणाल्या. "दीक्षा घेतली, त्याच्या मागच्या उन्हाऱ्यात. गावच्या विहिरीवर आमाले चढू देत नव्हते. पाणी लागलं तवा सासऱ्यानं बोडीतून कासव आणून सोडलं. म्हणे, आपलं पाणी गावाहून साफ राहिलं पाहिजे. कोनी बोट दाखवाले नको."

कासव तेच आहे का, असे मी विचारले.

"काऊन? नसलं तं तुमी बातमी नाही देणार?"

सुनंदाताईंच्या मते मध्ये एखादे मेले असावे आणि कोणीतरी दुसरे टाकले असावे. गयाबाईंनी ही शक्यता नाकारली नाही. "असन. कोनाले ठाव. वळखू थोडंच येते." मीही खात्री देऊ शकत नाही.

विहिरीत डोकावल्यावर सुरुवातीला काही दिसले नाही. मग पाण्यावर नाकाचे टोक आले. डुकराच्या नाकासारखे, दोन भोकांचे. थोडा वेळ राहिले आणि गेले. तांडेल काठावर ओणवे झाले होते. आयुष्यभर कासवे पाहिलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. नवख्याचा होता.

गयाबाईंना सोडायचेच नव्हते असे नाही. एका पावसाळ्यात बादलीतून एक पांढरे गोल अंडे वर आले होते. त्यांनी ते सुनंदाताईंना दाखवले आणि विहिरीत अंडे सडते हे त्यांना पटले. अडचण वेगळी होती.

"सोडीन. पण खालच्या गावचे खातेत ना. पुराच्या पाण्यात थे खाली जाईन आणि मोतीरामच्या चुलीवर चढन. सासऱ्यानं ठेवलेलं जितराब मी काय त्याच्यासाठी पाळलं?"

मोतीराम नान्हे हे खालच्या गावच्या मासेमार संस्थेचे अध्यक्ष. सुनंदाताई म्हणाल्या, त्यांचा ठराव आणला तर?

"कागद नको," गयाबाई म्हणाल्या. "त्याले म्हणा, घरी ये. माझ्या विहिरीचं पाणी पी. मंग मी कासव देईन."

धनराज म्हणाला, "माय, आता कोन पाहते हे? तो कुठंबी पाणी पिते. हॉटेलात पिते, लग्नात जेवते."

"हॉटेल माझ्या सासऱ्यानं नाही खोदलं," त्या म्हणाल्या.

प्रतापगड

दुपार मोकळी होती, म्हणून प्रतापगड पाहून आलो. किल्ल्याचे थोडे अवशेष, एका अंगाला दर्गा, आणि डोंगरावरच महादेवाचे स्थान. दोन्हीकडे जाणारी माणसे एकाच वाटेने चढतात. चढताना चपलेचा अंगठा तुटला आणि पुढचे अंतर मी एका हातात चप्पल घेऊन गेलो. दर्ग्यात नवस फेडायला आलेल्या एका बाईने तो सुतळीने बांधून दिला.

वरून पाणी दिसते, तुकड्यातुकड्यांनी, जंगलाच्या आणि कापलेल्या शेतांच्या मध्ये. कोणते तळे कोणाच्या खाली आहे हे वरून नीट कळते. तांडेल बराच वेळ पाहत होते. किनाऱ्यावर त्यांना असे उभे राहून सगळी वाट कधी पाहता आली नाही. समुद्रात गेलेले कासव कोणाच्या हद्दीत आहे ते दिसत नाही.

"इथं सोपं आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "नाय. इथं दिसतं एवढंच."

खालचे गाव

तिसऱ्या दिवशी खालच्या गावात मंडई होती. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, दिवसा बाजार आणि दंडार हा नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक. आमच्याकडच्या जत्रेत देव मध्यभागी असतो. इथे मध्यभागी रंगमंच होता आणि देवाचा विषय मला ऐकू आला नाही. नाटकाच्या तिकिटांची घोषणा मात्र दर थोड्या वेळाने होत होती.

दंडारीत विनोदी पात्र करणाऱ्याने तांडेलांचा सदरा लांबूनच हेरला. "पाहा पाहा, समुद्राचा पाहुणा! कासव आंगावर घालून आला, म्हणजे आमच्या गावच्याईनं हंडीत टाकू नये!" लोक हसले. मोतीराम नान्हे पहिल्या रांगेत बसले होते. तेही हसले, पण थोडे उशिरा.

नंतर तांडेलांना माइक देण्यात आला. ते भाषण करणारे नाहीत. त्यांनी एक हकिगत सांगितली: किनाऱ्यावर अंडी घालून गेलेल्या एका कासवाच्या पाठीवर यंत्र बसवले होते. ते कुठे पोहते ते उपग्रहावरून कळत होते. ते कासव एकदा एका बंदराजवळ जाळ्यात आले. यंत्र पाहून तिथल्या नाखव्याने ते लगेच सोडले आणि फोन केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोतीरामांनी हकिगत लक्ष देऊन ऐकली.

सभा संपल्यावर सुनंदाताईंनी आमची त्यांच्याशी गाठ घालून दिली. साठीचे, सडपातळ, मिशा काळ्या केलेले.

"आमच्या गावात खातेत," ते आपणहून म्हणाले. "लपवून कायले सांगू? पोट्टे नाही खात आता. जुने खातेत. गुडघे दुखतेत म्हणून खातेत."

"तुमचे दुखतात काय?" तांडेलांनी विचारले.

"लय दुखतेत."

"मग कासव खाऊन बरे झाले?"

मोतीरामांनी त्यांच्याकडे पाहिले आणि जोराने हसले. "नाही ना बाप्पा! बरे झाले असते तं तुमाले उठून खुर्ची नसती का देली?"

सुनंदाताईंनी तेव्हा गयाबाईंचा निरोप सांगितला. मोतीरामांचे हसणे थांबले. आजूबाजूला चार-सहा माणसे होती. एकजण म्हणाला, त्यात काय, पाणीच तर प्यायचे. मोतीराम त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "तुले नाही ठाव." मग सुनंदाताईंना म्हणाले, "येतो म्हणा. सकारी."

पाळ

सकाळी मोतीराम सायकलवर आले. बरोबर त्यांच्या संस्थेचे दोघे होते. वनरक्षकही आला होता; कासव सोडताना पंचनामा लागतो.

धनराजने विहिरीतून बादली काढली. गयाबाईंनी पितळेचा गडवा, म्हणजे तांब्या, घासून ठेवला होता. त्यांनी तो भरला आणि ओट्यावर ठेवला, हातात दिला नाही.

मोतीराम गडव्याकडे पाहत उभे राहिले. त्यांच्याबरोबरच्या तरुणाला ते कळेना. तो म्हणाला, "काका, मी पिऊ का?"

"तू थांब," मोतीराम म्हणाले. मग गयाबाईंना म्हणाले, "मी हे पाणी पेलो हाय, गयाबाई. लहान होतो. तलाव आटला होता, आमच्या विहिरीत किडे झाले होते. माय मले अंधाऱ्यात इथं घेऊन येत होती. घागर भरून जात होती."

"मले ठाव हाय," गयाबाई म्हणाल्या. "मी नवी होती. मी उठली तं सासऱ्यानं सांगलं, निजून राय, त्याईले भरू दे. दोराचा आवाज येत होता."

गयाबाईंनी गडवा ओट्यावर थोडा पुढे सरकवला.

"म्हणून तं बलावलं," त्या म्हणाल्या. "आता उजेडात पी."

मोतीरामांनी गडवा उचलला आणि ते पाणी प्याले. गडवा रिकामा होईपर्यंत प्याले. गडवा त्यांनी स्वतः विसळून पालथा ठेवला. मग गयाबाईंनी धनराजला विहिरीत उतरायला सांगितले.

त्याला वेळ लागला. माशाची आतडी बांधलेली टोपली पाण्यात सोडली होती, पण कासवाने आतडी खाल्ली आणि टोपली सोडून दिली. शेवटी मोतीराम स्वतः, गुडघे दुखत असताना, पायऱ्यांच्या कपारी धरून खाली गेले आणि दोघांनी मिळून ते टोपलीत घातले. वर आलेले कासव परातीएवढे होते. पाठ गुळगुळीत, हिरवट तपकिरी. तांडेलांनी हात लावताच त्याने डोके, पाय, सगळे आत घेतले आणि पोटाखालच्या झडपा बंद केल्या. समुद्री कासवाला डोके आत घेता येत नाही. तांडेल हात मागे घेऊन म्हणाले, "दार लावलं की हिनं."

पाळीवर नेल्यावर तांडेलांनी किनाऱ्यावरची रीत सांगितली: कासवाला उचलून पाण्यात टाकायचे नाही, लांब ठेवायचे, त्याने चालत जायचे, म्हणजे त्याला जागा कळते. सगळ्यांनी पाहुण्यांचे ऐकले. कासव पाण्यापासून चांगले लांब ठेवले गेले. बऱ्याच वेळाने नाक बाहेर आले, मग मान, ती अपेक्षेपेक्षा पुष्कळ लांब निघाली. कासवाने इकडे-तिकडे पाहिले, पाण्याकडे पाठ केली आणि धानाच्या धसकटांतून शेताकडे झपाट्याने निघाले.

"तुमचं समुद्राचं शहाणं असन," मोतीराम पळता पळता ओरडले. "हे झाडीचं हाय!"

त्यांनीच ते अडवले आणि उचलून काठाशी आणले. तिथे त्यांनी ते खाली ठेवले नाही.

"एक काम करू," ते म्हणाले. "पाठीवर खूण करून द्या. रंगाची करा, नाही तं या पाहुण्याईच्या यंत्रासारखं काई लावा. म्हणजे आमच्या जाऱ्यात आलं तं समजन, हे गयाबाईचं. माझा शब्द हाय, त्याले कोनी हात नाही लावणार."

वनरक्षकाने खिशातून खडू काढला होता. सूचना वाजवी होती. मला ती योग्यच वाटली. तांडेलही मान डोलावत होते.

"खूण नाही," गयाबाई म्हणाल्या.

"काऊन? मंग मले वळखू कसं येईन?"

"नाहीच येणार. खूण केली तं बिनखुणेचं खासान."

मोतीराम कासव दोन्ही हातांत धरून उभे होते. कासवाची मान पुन्हा बाहेर आली होती. त्यांनी अंगठा थोडा मागे घेतला.

"म्हणजे सबनच सोडा लागन," ते म्हणाले.

"पाणी पेलास ना?"

मोतीराम खाली वाकले आणि कासव पाण्यात ठेवले. चिखलाचा एक ढग उठला आणि त्यात ते दिसेनासे झाले. वनरक्षकाने खडू खिशात ठेवला.

परतताना तांडेलांनी त्यांच्या यंत्र लावलेल्या कासवाचा विषय काढला नाही. फक्त एकदा विचारले, त्या बंदरात त्या वर्षी बाकीची किती सापडली असतील, ते कोणी विचारले होते का. मी ती बातमी तेव्हा लिहिली होती. मी विचारले नव्हते.

शिंगाड्याचा हंगाम संपल्यावर सुनंदाताईंचा फोन आला. विहिरीवर स्लॅब पडला आहे. गयाबाईंनी मध्ये झाकणाएवढी जागा उघडी ठेवायला लावली. खालच्या गावाचा लेखी ठराव अजून झालेला नाही. पण मागच्या आठवड्यात मोतीरामांच्या जाळ्यात एक कासव आले, परातीएवढे. त्यांनी ते टोपलीत घालून गयाबाईंना फोन लावला आणि विचारले, हे तुझे का?

"मग? काय म्हणाल्या त्या?" मी म्हणालो.

"म्हणे, असन. सोड."

त्याच दिवशी संध्याकाळी मोतीरामांना दुसरे सापडले, लहान. त्यांनी फोन केला नाही.

ते सोडले का, असे मी विचारले. सुनंदाताई म्हणाल्या, त्या वेळी त्या खालच्या गावच्या पाळीवरच होत्या. सोडले.